खिडकीतल्या मावशीची उंची

१

"चिठ्ठ्यांवर सही झाली की मला परत आणून द्या हं बाई. ऑफिसात पडू देऊ नका. शिंप्याची चिठ्ठी शिंप्यानंच वाचावी."

शिंपीकाकांनी हे मला दोन महिन्यांपूर्वी बजावलं होतं, आणि मी चक्क हसले होते. तलावावरच्या नोकरमाणसांच्या नव्या गणवेशांच्या मापाच्या चिठ्ठ्या त्या, त्यात लपवण्यासारखं काय असणार? त्यांचं दुकान पोहण्याच्या तलावाला लागूनच. मी रोज ठमीला घेऊन तलावावर जाते, म्हणून त्यांनी त्या माझ्याकडे दिल्या. तेवढ्यात ठमीनं भोकाड पसरलं. मी चिठ्ठ्या ऑफिसच्या टेबलावर ठेवल्या आणि साफ विसरून गेले.

ठमी म्हणजे माझी अडीच वर्षांची मुलगी. लहान मुलांच्या तलावात ती तासभर डुंबते आणि मी काठावर बसून तासभर तिचे श्वास मोजते. नवरा म्हणतो, तुझ्यासारखी घाबरट आई शोधून सापडायची नाही. एकच माणूस असं म्हणत नसे. तिकीट खिडकीतली मावशी.

"घाबर गं तू. घाबरणाऱ्या आयांची पोरं धडधाकट राहतात," म्हणायची. मग जाळीतून हात बाहेर काढून ठमीचं नाक ओढायची. तिकिटावर शिक्का मारून मारून तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखात जांभळी शाई कायमची मुरलेली. ठमीच्या नाकावरही तो रंग लागायचा.

मध्यंतरी एका औषधानं ठमीच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा मावशीनं मला जवळ बोलावलं होतं. "अशा गोष्टी लिहून ठेवाव्यात. मला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं एकदा. गळा सुजला, श्वास बंद. वरूनच परत आले म्हण ना! तेव्हापासून पर्समध्ये कागदच ठेवलाय. उद्या मी बेशुद्ध पडले तर डॉक्टरांना कोण सांगणार?"

सोमवारी सकाळी खिडकी बंद होती. वर कागद चिकटवलेला: 'तिकीट शेजारच्या दारातून घ्यावे.'

दारात मॅनेजर स्वतः तिकिटं फाडत बसले होते. तीनच आठवड्यांपूर्वी नोकरीला लागलेला तरुण माणूस, घामाघूम झालेला.

"मावशी कुठे आहेत?"

"तेच कळत नाही हो ताई. काल संध्याकाळी खिडकी बंद करून निघाल्या, त्या घरी पोचल्याच नाहीत असं त्यांचा भाचा म्हणतो. मोबाइल बंद. मी आत्ताच बेपत्ता म्हणून नोंद करून आलो."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. पर्स. ती पर्स हरवली असेल, तर तो कागदही हरवला.

२

सोमवारचा दिवस फोन करण्यात गेला. मंगळवारी सकाळी साडेनऊला मी ठमीला कडेवर घेऊन बेपत्ता नोंदणी कक्षात हजर झाले. तिथल्या पोलीसबाई समंजस होत्या, पण त्यांच्यासमोरचा गठ्ठा माझ्या ठमीएवढा उंच होता.

"शहरातल्या दवाखान्यांत आत्ता तीन अनोळखी बायका आहेत," त्या म्हणाल्या. "एक सत्तरीची, एक विशीतली. तिसरी पन्नास-साठची. रविवारी रात्री गाडीनं उडवलेली. तोंड सुजलेलं, डोक्याला पट्ट्या, शुद्ध नाही, दोन्ही पाय मोडलेत. जवळ काही सापडलं नाही."

"मॅडम, तीच असणार!"

"नाही ना. हे बघा." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "या बाईची उंची एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर. पाच फूट चार इंच. तुमची तिकीटवाली चार फूट चार. एक फुटाचा फरक आहे. एखाद-दोन इंचांचा असता तर मी डोळे झाकून पाठवलं असतं तुम्हाला. अतिदक्षता विभाग आहे तो, कुणालाही आत सोडत नाहीत."

"पण पाय मोडलेल्या, झोपलेल्या बाईची उंची त्यांनी मोजली कशी?"

"हातावरून. कोपरापासून मनगटापर्यंत मोजून हिशेबानं काढतात म्हणे. औषधाची मात्रा ठरवायला लागते त्यांना."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी कॉलेजात मानवशास्त्र घेतलं होतं. दोन वर्षं आम्ही एकमेकांचे हातपाय मोजण्यात घालवली होती.

"आणि चार फूट चार कुणी सांगितलं?"

"मॅनेजरनं, ऑफिसच्या नोंदीवरून. भाचा मात्र म्हणतो, मावशी माझ्या कानाला लागते. पावणेसहा फुटी गडी तो! आता दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय." पोलीसबाईंनी आवाज खाली आणला. "मावशी हरवलेली असताना काल हाच भाचा तिच्या खोलीतून ट्रंक बाहेर काढत होता. शेजारणीनं पाहिलं. शोध भलतीकडे नेण्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागेल, तुम्हीच सांगा."

मी ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"बरं, तुम्ही तर तिला रोज बघता. केवढी आहे ती?"

मावशीचा चेहरा मला पाठ होता. हनुवटीवरचा तीळ, तुटका दात, शाईचा अंगठा, सगळं. पण ती कायम जाळीमागे, उंच स्टुलावर. माझ्या आधी येणारी, माझ्यानंतर जाणारी, मागच्या दारानं ये-जा करणारी.

मी तिला कधी उभी पाहिलीच नव्हती.

३

बाहेर येऊन मी हाडबाईंना फोन लावला. त्या माझ्या कॉलेजातल्या प्राध्यापिका. निवृत्त झाल्या, तरी कुठे सांगाडा सापडला की पोलीस अजून त्यांनाच बोलावतात. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"रडतेयस का?"

"नाही बाई."

"मग आवाज असा का येतोय? बरं, पोलिसांकडून मावशीच्या खोलीचा पत्ता घे आणि मला कळव. स्कूटरवरून दहा मिनिटांत पोचते."

मावशीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार सताड उघडं, बाहेर ट्रंक आणि गुंडाळलेली गादी. भाचा शिडीवर चढून छत खरवडत होता. तारवटलेले डोळे, केसांत चुना.

"मावशीचं सामान कुठे चालवलंयस रे?" हाडबाईंनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"कुठे चालवणार? छत गळतंय. मावशीनंच शनिवारी सांगितलं, सोमवारी सुट्टी काढ आणि एवढं करून दे. आता ती नाही म्हणून काम टाकलं, तर आल्यावर माझी सालं काढेल." त्यानं तोंड फिरवलं. "हात रिकामे ठेवले की डोकं फिरतं हो. कालची अख्खी रात्र रस्ते पालथे घातले."

"खाली उतर. भिंतीला टेकून उभा राहा."

"कशाला?"

"तुझ्या कानाची उंची हवीय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हाडबाईंनी पिशवीतून टेप काढला. मावशी कानाला कुठे लागते ते त्यानं बोटानं दाखवलं. वरच्या टोकाला.

"एकशे चौसष्ट," बाई पुटपुटल्या.

"म्हणजे तो खरं बोलतोय!" मी उडालेच.

"म्हणजे तो त्या दवाखान्यातल्या बाईशी जुळणारं बोलतोय. खरं की खोटं, ते मोजलं की कळेल."

"पण मोजायचं कुणाला? माणूसच जागेवर नाही!"

"माणूस नसलं तरी माप कुठेतरी पडलेलं असतं. चप्पल?"

"पायातच होती," भाचा म्हणाला. "दुसरा जोड नाही तिच्याकडे."

"हातमोजे? फोटो?"

'फोटो' म्हटल्याबरोबर मी घाईघाईनं मोबाइल काढला. माझ्याकडे ठमीचे चार हजार फोटो आहेत. त्यातल्या पंधरा दिवसांपूर्वीच्या एकात, मला अगदी पक्कं आठवत होतं, मावशीचा हात आला होता.

४

फोटो सापडायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात ठमीनं चुन्याचं बोट चोखलं. मी किंचाळले, भाच्यानं तिचं तोंड धुतलं आणि हाडबाईंनी आम्हा तिघांनाही गप्प बसवलं.

तलावाच्या भिंतीवर, खिडकीला खेटून, मुलांची उंची मोजायची पट्टी रंगवली आहे. एकशे वीसवर लाल रेघ, तिच्या खालच्या मुलांनी लहान तलावातच उतरायचं. फोटोत ठमी पट्टीपाशी उभी होती. मावशीनं खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकवून हात पट्टीला अगदी चिकटवून सरळ उभा धरला होता. 'इथपर्यंत आलीस की मोठ्या तलावात जायचं हं!' असं सांगत होती ती तेव्हा.

हाडबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, आणि मी त्यांना कॉलेजातही कधी पाहिलं नव्हतं तसं मोठ्यानं हसल्या.

"अगं वेडे, पंधरा दिवस हे खिशात घेऊन फिरतेयस तू! पट्टीच्या अंगावर हात! कोपराचं टोक वाच."

"शहाण्णव."

"करंगळीच्या बाजूला मनगटावर हाडाचा उंचवटा दिसतोय, तो?"

"एकशे एकवीस."

"पंचवीस सेंटिमीटर. आता सांग, चार फूट चार इंचांच्या बाईचा हात कोपरापासून मनगटापर्यंत पंचवीस असतो?"

"वीसेक असेल."

"एवढ्या बुटक्या बाईला असला हात लावला, तर ती उभ्या उभ्या आपले गुडघे खाजवेल!" बाईंनी वहीत दोन ओळींत हिशेब केला. स्त्रियांसाठीचं सूत्र त्यांना तोंडपाठ. "एकशे त्रेसष्टच्या आसपास. चार-पाच इकडे, चार-पाच तिकडे. पण एक लक्षात ठेव. एवढ्या उंचीच्या हजार बायका असतील. ही तुझी मावशीच आहे, असं माप सांगत नाही. ती असू शकते, एवढंच सांगतं."

"मला तेवढंच हवंय!" भाचा मटकन ट्रंकेवर बसला होता. त्यानं खरंच सांगितलं होतं.

म्हणजे खोटं बोलणारा दुसरा होता.

आम्ही तलावावर पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. हाडबाईंनी आधी पट्टीवर स्वतःचा टेप लावून ती नीट रंगवली आहे का ते तपासलं. मिलिमीटरचाही फरक नव्हता. मग त्या ऑफिसात शिरल्या.

"मावशी चार फूट चार आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मॅनेजर चाचरले. "रेकॉर्डवर आहे."

"रेकॉर्ड दाखवा."

"ते... पोलिसांना दिलंय सगळं."

"उंची दिलीत. कागद दिलात?"

त्यांच्या कपाळावर घाम आला. माझा हात आपोआप ठमीभोवती आवळला गेला. या माणसाच्या शेजारी मावशी रोज एकटी बसत होती.

"मॅनेजरसाहेब, माझ्या मावशीचं काय केलंत?" भाचा एकदम पुढे झाला.

"अहो काही नाही केलं! शप्पथ!" त्यांचा आवाज चिरकला. "मला... मला लाज वाटत होती हो. तीन आठवडे शेजारी काम करतोय, आणि पोलिसांनी उंची विचारली तर मला सांगता येईना. मी त्यांना उभं बघितलंच नाही कधी. मग फाइलमध्ये सापडली उंची. वाटलं, एवढ्या बुटक्या आहेत, म्हणूनच बिचाऱ्या उंच स्टुलावर बसतात."

त्यांनी कपाट उघडून एक फाइल काढली. आत टाचणीनं अडकवलेल्या चिठ्ठ्या होत्या.

पिवळट कागद, पेन्सिलीचं अक्षर. मी ओळखल्या त्या. मीच आणून ठेवल्या होत्या.

५

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'तिकीट खिडकी. उंची ५२, छाती ३८, बाही २२.'

"बावन्न इंच," मॅनेजर म्हणाले. "म्हणजे चार फूट चार. बरोबर ना?"

हाडबाईंनी तीच चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांना हाडांची मापं कळतात, पण त्याही क्षणभर अडखळल्या. मी पुढची चिठ्ठी उलटली. 'रखवालदार. उंची ४४, छाती ४२, बाही २५.'

"रखवालदार तुमचे केवढे आहेत हो?" मी विचारलं.

"सुट्टीवर आहे तो. चांगला सहा फुटी. फाटकातून आत येताना वाकावं लागतं त्याला."

"मग तो चव्वेचाळीस इंचांचा कसा? साडेतीन फूट आणि थोडं वर! लहान तलावात सोडायचा का त्याला?"

मॅनेजर चिठ्ठीकडे बघतच राहिले.

"साहेब, तुम्ही कधी कपडे शिवून घेतलेत?"

"नाही. रेडिमेडच वापरतो. लहानपणापासून."

मी ऑफिसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "शिंपीकाका! तुमच्या चिठ्ठीत उंची म्हणजे काय?"

दुकानातून मशीनची खडखड थांबली. "कापडाची! खांद्यापासून खालच्या काठापर्यंत! दुसरी कसली असणार?"

"रखवालदारांची चव्वेचाळीस?"

"त्याचा कोट गुडघ्यापर्यंत. तिकीटवाल्या मावशीचा पायघोळ. त्या खोलीत ओल असते, पाय गारठतात म्हणाली, म्हणून बावन्न घेतली!" मग त्यांचा आवाज बदलला. "चिठ्ठ्या ऑफिसातच राहिल्या ना बाई?"

अख्खं आयुष्य मी 'पँटची उंची', 'शर्टाची उंची' म्हणत आले. पण फॉर्मवरच्या रकान्यात तोच शब्द गेला आणि मावशी एका फुटानं खुजी झाली. आणि तो कागद मीच तिथे ठेवला होता.

हाडबाई तोवर दवाखान्याला फोन लावून मोकळ्या झाल्या होत्या. रिंग वाजत राहिली. अखेर कुणीतरी उचलला. बाईंनी ऐकलं, आणि फोन कानापासून न काढता माझ्याकडे बघितलं.

"एक वाजता पायांची शस्त्रक्रिया आहे. आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणार. कोणतं ते या माणसाला माहीत नाही. विभागाला जोडून देतो म्हणाला आणि फोन तुटला."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दुसऱ्यांदा लावला, तर लाइन व्यस्त.

"चल, मागे बस!" बाईंनी स्कूटरची किल्ली काढली.

"ठमी?"

अडीच वर्षांत मी तिला परक्याच्या हातात एकदाही दिलं नव्हतं. मॅनेजरांनी दोन्ही हात पुढे केले. "ताई, एवढं तरी बरोबर करू द्या मला. मी तिला पाण्याकडे बघूसुद्धा देणार नाही."

मी दिलं. भाचा तोवर रस्त्यावर पळत सुटला होता. पुढच्या वळणावर तो एका रिक्षात उडी मारताना दिसला. बाईंनी प्रत्येक सिग्नलला स्कूटरचा हॉर्न असा वाजवला की जणू गाडीला आग लागली होती. मी पूर्ण वाटभर फोन लावत होते. व्यस्त. व्यस्त. व्यस्त.

अतिदक्षता विभागाच्या दारात नर्स ट्रे घेऊन आत निघाली होती.

"पेनिसिलिन देऊ नका!" मी जिन्यातूनच ओरडले. "पाय मोडलेल्या त्या बाईला! तिला चालत नाही! श्वास बंद पडतो!"

नर्स थांबली. एक तरुण डॉक्टर बाहेर आले. "तुम्ही कोण तिच्या?"

"तिकीट घेते मी तिच्याकडून."

काय बोलतेय मी, असं मलाच वाटलं. पण हाडबाई पुढे झाल्या, चार वाक्यांत मोजमाप सांगितलं, पोलीसबाईंशी फोन जोडून दिला. डॉक्टरांनी नर्सला ट्रे मागे न्यायला सांगितलं. "ओळख पटेल तेव्हा पटेल. ट्रेमध्ये त्याच कुळातलं औषध होतं. दुसरं देऊ."

मग त्यांनी मला एकटीलाच दोन मिनिटं आत सोडलं.

पट्ट्यांमधून नाकाचा शेंडा आणि सुजलेले ओठ तेवढे दिसत होते. ते मावशीचे आहेत असं मी छातीठोकपणे सांगू शकले नसते. मी चादरीवरचा उजवा हात उलटा केला. दवाखान्यात तो तीनदा धुतला असेल. पण नखाच्या कडेला शाई तशीच होती. जांभळी.

"मावशी," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.

६

चौथ्या दिवशी मावशी शुद्धीवर आली, तिला साध्या वॉर्डात हलवलं, आणि आम्हाला भेटू दिलं. पहिला प्रश्न, "छत झालं का?" भाचा हो म्हणाला. दुसरा प्रश्न, "खिडकीत कोण बसतंय?" मॅनेजर खाटेपाशी मान खाली घालून उभे होते. त्यांनी सगळं कबूल केलं. मावशीनं ते ऐकून घेतलं.

"चार फूट चार?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मेल्या, लग्न ठरवताना मुलगी ताडमाड म्हणून दोन स्थळांनी नाकारलं होतं मला!"

हसता हसता तिच्या बरगड्या दुखल्या. नर्सनं आम्हाला हाकललं.

बाहेर पडताना माझी नजर शेजारच्या खाटेवर गेली. पोलीसबाईंच्या यादीतली सत्तरीची बाई. अठरा दिवसांपूर्वी बसस्टॉपवर कोसळलेली सापडली. ती बोलत नाही. चेहरा धड आहे, फोटो सगळीकडे पाठवलाय, पण विचारायला अजून कुणी आलेलं नाही. डॉक्टरांच्या परवानगीनं हाडबाईंनी तिचाही हात मोजला. साडेतेवीस सेंटिमीटर, म्हणजे उंची एकशे सत्तावन्नच्या आसपास. डाव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकडी. उजव्या भुवईत पांढरा पट्टा. कुणी पाणी दिलं की ती आधी पेला पदरानं पुसावा तसा चादरीनं पुसून घेते, म्हणजे घर टापटीप ठेवणारी असावी.

मी आता रोज दोन खाटांना भेटून येते. पण मला तिचं नाव माहीत नाही, आणि नाव घेऊन हाक मारल्याशिवाय ती डोळे वर करेल असं डॉक्टरांना वाटत नाही.

तुमच्या जिन्यावर, गल्लीत, कामाच्या जागी अशी एखादी बाई होती का? एकटी राहणारी, कुणाच्या फारशी अध्यातमध्यात नसलेली? गेल्या काही दिवसांत दिसली नसेल आणि 'गेली असेल कुणाकडे' असं तुम्ही मनातल्या मनात म्हणून टाकलं असेल, तर हा मजकूर इथेच बाजूला ठेवा. जा आणि तिचं दार वाजवून या.